पाय दिसायला पाहिजेत

अण्णांच्या मोबाईलमध्ये आमच्या हुबळीतली बडी बडी माणसं रिकाम्या रस्त्यावर उभी आहेत. विद्यानगरातले एक वकील, एका कॉलेजचे प्राचार्य, मंगल कार्यालयाचे मालक, सोन्याच्या दुकानातले दोघे भाऊ. सगळे ताठ, हात मांड्यांना चिकटलेले, चेहऱ्यावर भर वर्गात उभं केल्याचा भाव. मागे कुठे विजेचा खांब, कुठे कुणाचं फाटक. बघण्यासारखं त्या फोटोंत काही नाही. फक्त एवढंच, की त्या प्रत्येकाचे पाय जिथे टेकलेत, तिथे थोड्या वेळापूर्वी एक मेलेलं जनावर पडलेलं होतं.

ते जनावर अण्णा उचलायचे. गाडी मी चालवायचो.

ज्याच्याकडे महापालिकेचा मेलेली जनावरं उचलायचा ठेका होता, त्या ठेकेदाराच्या गाडीवर मी चार वर्षं अण्णांबरोबर काढली. साठीला टेकलेले, अंगानं काटक, आणि कपडे असे की वाटावं, हे लग्नाची पत्रिका द्यायला निघालेत. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. कंपनीचं नारिंगी जाकीट त्यावरून चढवायचे आणि काम झालं की पहिल्यांदा ते काढायचे. जनावरापाशी पोचलो की आधी खिशातून कंगवा काढून भांग पाडायचे, मग दोराला हात.

"कुत्र्याला काय कळणार अण्णा, तुमचा भांग?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"कुत्र्यासाठी न्हाई रे. वर खिडकीत बघ, चार जणं नाक दाबून बघालेत. नाक दाबलं तरी डोळे उघडेच असतात की."

त्यांच्या पिशवीत तीन साबण असत. लाल साबण हातांना, धुण्याचा साबण दोराला आणि चंदनाचा साबण लोकांना. हा तिसरा ते मानेला आणि मनगटांना लावायचे. स्वतःला वास येणं त्यांचं केव्हाच बंद झालं होतं, पण दुसऱ्यांच्या नाकांची त्यांना काळजी. चहाच्या गाड्यावर आम्ही गेलो की जाकीट बघूनच लोक सरकून जागा करायचे. तेव्हा अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "वास घ्यायच्या आधीच सरकले बघ. साबण फुकट गेला." आणि मनापासून हसायचे. मला हसू यायचं नाही. मी कपाकडे बघत बसायचो.

जनावरांना त्यांनी हुद्दे दिले होते. कुत्रं म्हणजे हवालदार, डुक्कर म्हणजे सावकार, म्हैस म्हणजे बाईसाहेब. एकदा हॉटेलात बसून ते फोनवर मॅनेजरला मोठ्यानं सांगत होते, "दोन हवालदार उचललो. सावकार सकाळपास्नं फुगून पडलाय, त्याला दुपारी नेतो." शेजारच्या टेबलावरचं कुटुंब अर्धी इडली टाकून उठलं. अण्णांना त्यांचं काय बिघडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

उंदीर मात्र ते उचलायचे नाहीत. उंदीर कचऱ्याच्या गाडीचा, आपला नव्हे. एका बाईंनी फारच हट्ट धरला, तेव्हा हात जोडून म्हणाले, "अक्का, डोळ्याच्या डॉक्टरला दात दाखवालासा व्हय?" बाईंनी आमची तक्रार केली. अण्णांनी त्या तक्रारीचा कागद मागून घेतला, कारण त्यात त्यांना 'तज्ज्ञ समजतात' असं लिहिलं होतं.

आता माझं सांगतो, कारण माझ्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

मी ड्रायव्हर. ड्रायव्हर जनावराला हात लावत नाही, हा माझा नियम होता आणि तो मी सगळ्यांना न विचारता सांगायचो. गाडी मागे घेताना आरसा जरा वर फिरवून ठेवायचो, म्हणजे आभाळ दिसायचं, जनावर दिसायचं नाही. त्यामुळे दोनदा गाडी खांबावर घातली. पहिल्या महिन्यात अण्णा म्हणाले, "हात लावू नको, दोर तेवढा धर." दोर म्हणजे काही जनावर नव्हे, म्हणून धरला. मग ताडपत्री धरली. मग एका पावसाळी सकाळी एक बाईसाहेब फळीवरून घसरायला लागल्या, तेव्हा शेपूट धरलं. त्यावर अण्णा म्हणाले, "आता शिंगंच ऱ्हायली बघ तुझी." नियम मी मोडला नव्हता, त्याची व्याख्या थोडी सुधारली होती, असं मी स्वतःला समजावत असे.

घरात मी याहून मोठा घोटाळा करून ठेवला होता.

माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, "कुठली गाडी चालवता?" मी तोंड उघडायच्या आत माझी आत्या म्हणाली, "महापालिकेतल्या मोठ्या साहेबांची." मी तोंड मिटलं. एवढंच माझं पाप, पण ते पुरलं. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, नवनगरात स्वतःचं घर, सगळा भाग त्यांना मास्तर म्हणतो. आम्ही दोन्ही घरं मराठी बोलणारी, बौद्ध. त्यांची मुळं बेळगावकडच्या एका खेड्यात. साखरपुड्यात मास्तरांनी त्यांच्या आज्ज्याची गोष्ट सांगितली. गावात बैल मेला की आज्ज्याला बोलावणं यायचं, ढोर ओढायला. सगळ्या समाजानं हे काम टाकायचं ठरवलं, त्या साली पाटलाचा बैल मेला. आज्जा दोर घेऊन निघाला, सगळ्या गावासमोरून चालत नदीवर गेला आणि दोर पाण्यात फेकून हात हलवत परत आला. बैल तीन दिवस तिथेच पडून होता. गावानं यांचं पाणी तोडलं, तरी आज्जा हलला नाही. "त्या दोराला आमच्या घरातल्या कुणाचा परत हात लागलेला नाही," असं म्हणून मास्तरांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. त्याच दिवशी सकाळी त्या हातानं दोर धरून मी एक सावकार वर घेतला होता.

लग्नानंतर आठव्या दिवशी बायकोला कळलं. साहेबांच्या गाडीला ब्लीचिंग पावडरचा वास का येतो, एवढंच तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कामाचं मला काही नाही. पण माझ्या अप्पांना कळलं तर ते खचतील. बाळबीळ होईपर्यंत तरी सांगू नका." त्या दिवसापासून मी सासरी साहेबांचा ड्रायव्हर झालो. मास्तर कानानं जरा कमी, फोन कायम स्पीकरवर. त्या स्पीकरवरून ते मला सांगायचे, "जावईबापू, आमच्या गल्लीतला दिवा गेलाय, साहेबांच्या कानावर घाला." मग मी दिवाबत्तीच्या माणसाला चहा पाजून, हातापाया पडून दिवा लावून घ्यायचो. मास्तर चार लोकांत सांगायचे, "आमच्या जावयांनी शब्द टाकला." अशा रीतीनं मी त्यांच्या गल्लीतली गटारं, दिवे आणि एक झुकलेलं झाड यांचा बंदोबस्त केला. खरोखर साहेबांच्या गाडीवर असतो तर यातलं एकही काम झालं नसतं.

फोटोचं प्रकरण सुरू झालं ते विद्यानगरातल्या वकिलांपासून. त्यांच्या दारातला हवालदार आम्ही उचलला, जागा धुतली, पावडर टाकली, रिकाम्या जागेचा फोटो पाठवला. तक्रार बंद करायची म्हणजे तसा फोटो लागायचा. वकिलांनी तक्रार परत उघडली, जागा साफ नाही म्हणून. आम्ही परत धुतली. त्यांनी परत उघडली. मॅनेजर बेंगळुरूहून आलेला तरुण माणूस. तो म्हणाला, "हा फोटो कुठल्याही स्वच्छ रस्त्याचा असू शकतो."

अण्णांना हे फार लागलं. "हुबळीत स्वच्छ रस्ता हुडकायचा म्हणजे म्हैस उचलण्यापेक्षा जास्त काम हाय," असं पुटपुटत त्यांनी मला गाडी वकिलांकडे घ्यायला लावली. वकील बाहेर आले. अण्णांनी भांग पाडला, ओल्या जागेकडे बोट दाखवलं आणि आदरानं म्हणाले, "सर, इल्ले निंद्री." म्हणजे, इथंच उभं राहा.

"मी? तिथं?" वकील म्हणाले. "माझी आत्ताच आंघोळ झालीय."

"जागेची बी झालीय, सर. दोनदा."

वकील नाही म्हणाले. कायद्यात बसत नाही म्हणाले. मग अण्णा स्वतः त्या जागेवर मांडी घालून बसले, डबा उघडला आणि ज्वारीची भाकरी शेंगाचटणीबरोबर खायला लागले. सावकाश, एकेक घास. गल्ली गोळा झाली. मी केबिनमध्ये खाली वाकून बूट बांधत होतो, बराच वेळ. शेवटी वरून वकिलीणबाई म्हणाल्या, "अहो, उभे राहा की एकदा. त्यांच्याकडे अजून एक भाकरी आहे." वकील उभे राहिले. छातीपर्यंतच फोटो काढा म्हणाले. अण्णा म्हणाले, "तोंड न्हाई आलं तरी चालंल सर. पाय दिसायला पाहिजेत."

मॅनेजरला तो फोटो एवढा आवडला की त्यानं नियमच केला. तक्रार करणाऱ्याच्या घरचं एक माणूस त्या जागेवर उभं राहिलेलं दिसलं पाहिजे. मग कचेरीतली मुलगी त्या घरी फोन करून खात्री करणार. ती झाल्याशिवाय पुढचा पत्ता मिळणार नाही आणि गाडी जागची हलणार नाही. काही ड्रायव्हर स्वतःच उभे राहून मोकळे व्हायला लागले, तेव्हा आणखी एक कलम आलं, स्टाफ चालणार नाही. बाकीच्या गाड्यांवर या नियमाला शिव्या पडायच्या. अण्णांना मात्र उतारवयात पदवी मिळाल्यासारखं झालं.

मग काय, हुबळी उभी राहायला लागली. कुणी पायाखाली पेपर अंथरायचं, तर अण्णा म्हणायचे, "पेपर काढा अक्का, कंप्लेंट पेपरची नव्हती." एका आजींनी खुर्ची मागितली, खुर्ची चालते, पाय टेकलेले पाहिजेत, असं त्यांना सांगण्यात आलं. एका घरातल्या लोकांनी आधी जागेवर रांगोळी काढली, मग सहकुटुंब उभे राहिले, नातवासकट. एका नगरसेवकाला तर ही गोष्ट इतकी पटली की कुणाच्याही दारात काही मेलं तरी तो फोटोला हजर. अण्णांनी त्याला हाकललं. "तुमच्या घरचं काय मेलंय सर?" असं विचारून.

एकदा उणकल तळ्यापाशी जेवायला बसलो असताना मी विचारलं, "अण्णा, लोकांना उभं करून तुम्हाला मिळतं काय?"

"तुला लाज वाटती न्हवं, या कामाची?"

"तुम्हाला नाही वाटत?"

"वाटायची की. पहिल्यांदा जेवण जायचं न्हाई. पोरीच्या शाळेत कधी गेलो न्हाई मी. मग कंटाळा आला लाजेचा. रोज रोज तेवढ्यावरच किती लाजणार माणूस?" त्यांनी कांदा फोडला. "आपल्या आज्ज्यांच्या वेळंला गाव म्हणायचं, हे ओढ आणि तिकडं लांब उभा ऱ्हा. ओढायचं आपण, लांब उभं ऱ्हायचं बी आपणच. आता ओढतो मीच. पण कुणी कुठं उभं ऱ्हायचं, ते मी सांगतो."

"एवढंच?"

"तुला काय कमी वाटालंय?"

मला त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी माझी सगळी लबाडी त्यांना सांगून टाकली. साहेबांची गाडी, दिवे, आज्ज्याचा दोर. ते रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं एवढंच, "झुकलेलं झाड खरंच काढून घेतलास?" हो म्हणालो. "मग तू साहेबच की रे," म्हणाले आणि उरलेली भाकरी मला दिली.

बाळ झालं. मुलगी. नवनगरात मास्तरांच्या दारात मांडव घातला, रविवारी अकराला नामकरण. भंतेजी येणार, पाव्हणे येणार. मी रजा मागितली होती, पण दुसरा ड्रायव्हर आजारी पडला. दहापर्यंत काम करतो म्हणालो. नवा शर्ट पिशवीत घालून ठेवला.

साडेनवाला मास्तरांचा फोन आला. देवाला सोडलेला एक मोकाट बैल त्यांच्या गल्लीत फिरायचा. तो पहाटे येऊन मांडवाच्या तोंडाशी बसला आणि तिथेच मेला. अगदी आडवा. आत जायला वाट नव्हती.

"जावईबापू, साहेबांना सांगून ती गाडी ताबडतोब पाठवा."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," मी म्हणालो. या वाक्यानं मला दोन वर्षं तारलं होतं.

"मग मीच तक्रार नोंदवतो," मास्तर म्हणाले. पाच मिनिटांत अण्णांच्या मोबाईलवर पत्ता आला. अण्णांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचा रुमाल पुढे केला. नारिंगी जाकीट माझ्या अंगात होतंच. वर मी तोंडाला रुमाल बांधला, टोपी ओढली, गॉगल लावला. आरशात बघितलं तर मीच मला ओळखलं नसतं.

मास्तर फाटकात उभे होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मांडवाबाहेर पाव्हणे नाकाला पदर लावून गोळा झालेले. वरच्या खिडकीत बायको बाळाला घेऊन उभी होती. तिनं मला टोपी-गॉगलातसुद्धा ओळखलं असणार, कारण तिनं कपाळावर हात मारून घेतला.

बैल आडदांड होता. अण्णांनी दोर बांधला आणि मला मुंडी हलवून बोलावलं. त्या दिवशी शिंगं पण झाली माझी. मी शिंगं धरून ओढत असताना मास्तर जवळ आले आणि अण्णांना म्हणाले, "साहेबांच्या गाडीवर आमचे जावई आहेत. तुम्ही ओळखत असाल."

"ओळखतो की," अण्णा दोर ताणत म्हणाले. "लई सज्जन माणूस. कमी बोलतात."

"कर्तबगार आहेत," मास्तर म्हणाले.

"काम पडलं की मागं सरत न्हाईत," अण्णांनी सांगितलं. मी रुमालाच्या आत घामानं निथळत होतो. बैल वर गेला, ताडपत्री पडली, मी दोर सोडवून घेऊन केबिनमध्ये जाऊन बसलो. अण्णांनी जागा दोनदा धुतली, पावडर टाकली, जाकीट काढलं, भांग पाडला.

"सर, इल्ले निंद्री."

त्यांनी नियम समजावून सांगितला. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "मी उभा राहणार नाही. माझ्या घरातलं कुणीच राहणार नाही. माझ्या आज्ज्यानं मेलेल्या बैलापासून पाय मागे घेतला होता, म्हणून मी शाळेत गेलो. मी तिथं पाय ठेवणार नाही."

लोकांचे नाना तऱ्हेचे नकार अण्णांनी ऐकले होते. आंघोळीचे, सोवळ्याचे, नव्या बुटांचे. प्रत्येकाला त्यांच्याकडे उत्तर होतं. या वेळी मात्र त्यांनी कंगवा खिशात ठेवला. "सर, तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. "नका ऱ्हाऊ उभं." आणि गाडीच्या पायरीवर जाऊन बसले.

पण फोटोशिवाय गाडी हलवता येत नव्हती. मांडवाच्या तोंडाशी गाडी, गाडीत बैल, वर ऊन. भंतेजी येऊन गल्लीच्या टोकाला थांबले. आचाऱ्यानं पातेल्यांवर आणखी एकेक झाकण ठेवलं. कुणीतरी म्हणालं, "जावई कुठं आहेत? त्यांना सांगा, साहेबांना फोन लावतील." मास्तरांनी मला फोन लावला. माझ्या खिशात घंटी वाजली. मी ती दाबून बंद केली.

अण्णा केबिनकडे बघत नव्हते. त्यांनी एकदा जरी माझ्याकडे बघितलं असतं तर मी हट्टानं बसून राहिलो असतो, इतका माझा स्वभाव मला ठाऊक आहे. ते नखं बघत बसले होते. मला माझी फार लाज वाटली. कामाची नव्हे, त्या रुमालाची. मी खाली उतरलो, टोपी काढली, गॉगल काढला, रुमाल सोडला आणि ओल्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

"काढा अण्णा."

"स्टाफ चालत न्हाई," अण्णा म्हणाले. नियम म्हणजे नियम.

"मी या घरचा आहे."

अण्णा उठले, माझ्याजवळ आले आणि कंगवा पुढे केला. "भांग पाड आधी." मी पाडला. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन पाय दिसतील असा फोटो काढला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, दोर माझ्या हातातच होता. मास्तर त्या दोराकडे बघत होते. मग वळून मांडवात गेले आणि खुर्चीवर बसले.

थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजला. नेहमीप्रमाणे स्पीकरवर. कचेरीतली मुलगी कन्नडमध्ये विचारत होती, बैल नेला का, जागा धुतली का. मास्तर हो, हो म्हणत होते.

"सर, फोटोत उभे आहेत त्यांच्या अंगात आमच्या स्टाफचं जाकीट दिसतंय. ते आमचे आहेत की तुमच्या घरचे?"

सगळा मांडव फोनकडे बघत होता. मी फाटकाबाहेर उभा होतो, आणि आपण इथून आत जाणार की बाहेरच राहणार, ते आता ती मुलगी आणि मास्तर मिळून ठरवणार हे मला कळत होतं.

"हॅलो? सर?"

"दोन्ही," मास्तर म्हणाले.

"दोन्ही असं बटन नाही सर. एकच काहीतरी सांगा. आमचे असतील तर तक्रार बंद होत नाही."

मास्तर खुर्चीतून उठले. "हौद्री," ते म्हणाले, "अव नम्म अळिया." आणि मग हजेरी घ्यायच्या आवाजात, मांडवाकडे वळून, मराठीत, "आमचे जावई आहेत ते."

"थँक्यू सर. आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल?"

"थांबा. बघून सांगतो," मास्तर म्हणाले. आयुष्यभर वह्या तपासलेला माणूस. फोन हातात धरून ते मांडवातून बाहेर आले, त्या ओल्या जागेवर येऊन उभे राहिले आणि खाली वाकून दोन पावलांच्या मधली फरशी नीट बघितली. "पाच," ते म्हणाले आणि फोन बंद केला.

ते अगदी मधोमध उभे होते. दोन्ही पाय दिसत होते. अण्णांचा हात मोबाईलकडे गेला. मग त्यांनी मोबाईल तसाच खिशात परत ठेवला.

मास्तरांनी माझ्या हातातल्या दोराला बोट लावून बघितलं. "हा दोर..." ते म्हणाले आणि थांबले.

"ठेकेदाराचा हाय सर," अण्णा घाईनं म्हणाले. "टाकता येत न्हाई. सही करून घेतलाय."

मास्तरांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्यांनी गाडीकडे बघितलं, ताडपत्रीखालून बैलाचा एक खूर बाहेर आला होता. तो त्यांनीच आत ढकलला.

"आधी त्याला पोचवून या," ते आम्हा दोघांना म्हणाले. "नाव आल्यावर ठेवू."